हॉस्टेलच्या खोलीत काय चालतं, काय नाही? (बेळगाव आणि आसपास)

घटप्रभा_काठ

नमस्कार मंडळी. लेकीला बेळगावात इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन मिळाली. येत्या रविवारी सामान घेऊन सोडायला जायचंय. हॉस्टेलवाल्यांनी दोन पानी कागद हातात दिलाय. खोलीत ठेवायचं नाही त्यात काय काय आहे बघा: पाणी तापवायचा रॉड, इंडक्शन, किटली, इस्त्री, रूम हीटर, कसलाही गॅस किंवा स्टोव्ह, मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन, मच्छरची कॉइल, फटाके आणि स्वतःचा एक्स्टेंशन बोर्डसुद्धा. सापडलं तर जप्त, वर दंड. खाली पालकांची सही.

सही केली, पण डोक्यात किडा राहिलाच. सासूबाई म्हणतात, देवापुढं दिवा लावू देत नाहीत ते कसलं हॉस्टेल? मला काळजी जुलैच्या पावसाची. गार पाण्यानं आंघोळ करून पोरगी आठवड्यात अंथरूण धरेल. शेजारचा मुलगा तिकडंच शिकून आला, तो म्हणतो, "काकू, रॉड सगळेच ठेवतात, बॅगेत तळाला टाका."

हे नियम खरंच आगीसाठी आहेत की लाइट बिल वाचवायला?

मेस_नंबर_दोन

लाइट बिल. चला, धागा संपला.

वायरमन_शहापूर

संपला कुठं? बसा जरा.

वहिनी, बिलाचा हिशोब आधी. पंधरा लिटरची बादली १५०० वॅटच्या रॉडवर तापायला वीसेक मिनिटं लागतात, म्हणजे अर्धं युनिट. त्यासाठी कुणी दोन पानी कागद छापत नाही. अडचण वेगळी आहे. सकाळी सहाला चाळीस खोल्यांत चाळीस रॉड पाण्यात पडले की ६० किलोवॅट झाले. बिल्डिंगची मेन केबल ट्यूबलाइट, पंखे आणि मोबाईल धरून टाकलेली असते, तिला हे झेपणार कसं?

आता खोलीतलं बघा. भिंतीवरचं छोटं सॉकेट ६ अँपिअरचं. २३० व्होल्टला त्यातून फार तर १३८० वॅट घ्यायचे. १५०० चा रॉड साडेसहा अँपिअर खातो, २००० चं इंडक्शन पावणेनऊ. म्हणूनच त्यांना जाड पिनांचा मोठा प्लग येतो आणि तो छोट्या सॉकेटात बसत नाही. पोरं काय करतात? कोपऱ्यावरच्या दुकानातून कन्व्हर्टर आणतात आणि बसवतात. वायर तापते ती करंटच्या वर्गानं: करंट दुप्पट तर उष्णता चौपट. ती वायर भिंतीच्या आत पाइपात असते, तापलेली कुणाला दिसत नाही.

"एमसीबी आहे की, उडेल" असं हमखास कुणीतरी म्हणतं. एमसीबी म्हणजे मेन बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच. त्याला जादा लोड कळतो, शॉर्ट कळतो. सॉकेटची पितळी पत्ती सैल झाली असेल तर तिथं बारीक ठिणगी उडत राहते, प्लास्टिक करपत जातं, पण करंट मात्र मर्यादेतच असतो. एमसीबी गप्प बसतो. सॉकेट पिवळं-तपकिरी दिसलं किंवा प्लग काढताना हाताला गरम लागला तर त्याच दिवशी तक्रार द्यायची. जुन्या इमारतींत अजून तारेचे किटकॅट फ्यूज आहेत, तिथं तर आनंद आहे. फ्यूज दोनदा उडाला की कुणीतरी जाड तार घालून मोकळा होतो. त्यानंतर फ्यूज नुसता नावाला.

एक्स्टेंशनला बंदी का, तेही सांगतो. स्वस्तातल्या बोर्डाची वायर पातळ असते. पोरं ती गुंडाळी न सोडताच वापरतात, त्यामुळं आतली उष्णता आतच राहते. त्यात एका बोर्डाला दुसरा बोर्ड लावायचा आणि सगळं कॉटखाली, गादीला चिकटून.

चोर्ला_घाट

काका, सगळं मान्य. आता आमची बाजू ऐका की. मी सध्या हॉस्टेललाच आहे.

आमच्याकडं गच्चीवर सोलर आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बेळगावात ऊन किती दिसतं तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्या आठ-दहा जणांना कोमट मिळतं, नंतरचे थेट राकसकोप, म्हणजे धरणातलं गार पाणी. मेस रात्री लवकर बंद होते, परीक्षेत दोन-दोनपर्यंत जागतो, भूक लागते. मग किटली आणि मॅगी. आम्ही काय हौसेनं करतोय?

अजून एक. बंदी घातली म्हणून वस्तू जात नाहीत, लपतात. राऊंड आला म्हणून पोरगा तापलेला रॉड बादलीतून काढतो आणि तसाच कपाटात कपड्यांखाली ढकलतो. हे डोळ्यांनी बघितलंय. उघड्यावर असता तर निदान गार तरी झाला असता.

मेस_नंबर_दोन

थेट राकसकोप! हे मात्र खरं हं.

जुना_रेक्टर

मी एका वसतिगृहात बरीच वर्षं रेक्टर होतो, आता निवृत्त. नाव सांगत नाही.

चोर्ला_घाट म्हणतो ते आम्हालाही कळतं रे बाबा. कपाट उघडलं की ऊब लागायची. पण दुसरी बाजूही बघ. रॉड लावून पोरगा पेपर वाचत पडतो आणि झोपतो. पाणी आटत जातं, तापलेला भाग उघडा पडतो, प्लास्टिकची बादली वितळते. बादली बहुतेक वेळा खुर्चीवर, कारण प्लग वर आहे आणि वायर तोकडी. खुर्चीशेजारी चादर. हे काल्पनिक नाही. कॉइलचंही तेच. पलंगाच्या कडेला बशीत लावायची, रात्री पाय लागला की बशी उलटी. ती भडकत नाही, गादीत शिरून तासन् तास आतल्या आत धुमसते. खोलीतले दोघं झोपेतच त्या धुरात.

दंडानं फरक पडला का? थोडा, महिनाभर. फरक पडला तो मजल्यावर एक छोटी खोली काढून दिल्यावर. भिंतीला टाइल्स, १६ अँपिअरचे दोन पॉइंट वेगळ्या वायरवर, एक मोठी किटली, एक इस्त्रीचं टेबल. रात्री अकराला मेन बंद. आंघोळीसाठी तळमजल्यावर लाकडाचा बॉयलर पावसाळ्यात पेटवायला लागलो. खर्च झाला, मॅनेजमेंटनं तोंड वाकडं केलं, पण खोल्यांत रॉड सापडायचे कमी झाले. नुसती यादी चिकटवून हे होत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

राजहंसगड

किटलीवर अजून शंभर प्रतिसाद येतील. यादीत जे नाही त्याबद्दल मी विचारतो. घटप्रभाताई, लेकीच्या हॉस्टेलचं जिन्यातलं जाळीचं गेट रात्री किती वाजता लागतं? किल्ली कुणाकडे असते? तो माणूस झोपतो कुठं?

आग लागायची शक्यता कमी करायला यादी आहे, ठीक आहे. पण लागलीच तर? आपल्या देशातल्या मोठ्या दुर्घटना आठवा. १३ जून १९९७, दिल्लीचं उपहार थिएटर, ५९ माणसं गेली, ती मुख्यतः गुदमरून. बाहेर पडायच्या वाटा अडलेल्या होत्या. २३ फेब्रुवारी २०१०, बेंगळुरूचं कार्लटन टॉवर्स, ९ जीव. धूर जिन्यात भरला, लोकांनी वरून उड्या टाकल्या. २४ मे २०१९, सुरतचं तक्षशिला आर्केड, वरच्या मजल्यावरचा क्लास, २२ विद्यार्थी. सप्टेंबर २०२४ मध्ये मदुराईत महिलांच्या हॉस्टेलात फ्रिजपासून पहाटे आग लागली, दोघी गेल्या. फ्रिज कुठल्या यादीत असतो सांगा.

जिना हे इमारतीचं धुराडं असतं. खाली काहीही पेटलं की धूर आधी तिथंच चढतो. त्याच जिन्याच्या तळाला कुलूप, खिडक्यांना गजाचं ग्रिल, गच्चीच्या दाराला दुसरं कुलूप, "पोरं वर जाऊन सिगरेट ओढतात" म्हणून. मग साठ मुलींनी जायचं कुठं?

राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६, भाग ४ हा पूर्ण आगीबद्दल आहे. वसतिगृहं त्यात निवासी इमारतींच्या ए-३ उपगटात येतात. बाहेर पडायचं दार आतल्या बाजूनं किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे, हे त्यात आहे. किटलीला दंड घेणाऱ्यांना हे वाक्य वाचून दाखवा.

मलप्रभा

राजहंसगड, तुम्हाला मुलगी नाही वाटतं. रात्री गेट उघडं ठेवायचं? खानापूर, चंदगडकडच्या खेड्यातले आईवडील कुलूप बघूनच पोरी ठेवतात. मी पण बघितलं होतं.

जुना_रेक्टर

मलप्रभाताई म्हणतात ते शंभर टक्के खरं. अ‍ॅडमिशनच्या दिवशी बापाचा पहिला प्रश्न "गेट कितीला लागतं?" आगीच्या बंबाबद्दल विचारलेला पालक मला तरी आठवत नाही.

राजहंसगड

मुली दोन आहेत मला. म्हणूनच एवढं लिहितोय.

मी गेट उघडं ठेवा म्हटलेलं नाही. आतून उघडणारं आणि बाहेरून न उघडणारं दार असतंच. मॉलच्या मागच्या दाराला आडवी दांडी बघितली असेल, तिला पॅनिक बार म्हणतात. आतून ढकललं की उघडतं, बाहेरून हँडलच नसतं. त्याला भोंगा जोडला की कुणी उगाच उघडलं तर रेक्टरला कळतं. तेवढा खर्च नको असेल तर आतल्या बाजूला काचेच्या पेटीत दुसरी किल्ली टांगा. काच फुटलेली सकाळी दिसतेच. पोरगी पळून जाईल म्हणून सगळ्यांनाच कोंडून ठेवायचं, हा हिशोब मला पटत नाही.

भाग्यनगर_पीजी

हॉस्टेल तरी बरं. पीजीत तर यादीही नाही.

टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर, कुठंही बघा, घरावर दोन मजले चढवून कॉट टाकलेत. जिना एकच, तोही अडीच-तीन फुटी. जिन्याखाली मीटरचे बोर्ड, बोर्डाला टेकून मुलांच्या गाड्या, टाकीत पेट्रोल. आता नवीन म्हणजे ई-स्कूटर. तिची बॅटरी काढून वर खोलीत आणतात आणि रात्रभर दाराशेजारी चार्जिंगला. लिथियमची बॅटरी बिघडून पेटली तर एका मिनिटात खोली धुरानं भरते, आणि ती ठेवलीय नेमकी बाहेर पडायच्या वाटेत. कंपनीचाच चार्जर, खाली मोकळ्या जागेत, जागेपणी. एवढं तरी पाळा.

पॉवर बँक उशीखाली ठेवून झोपणारे वेगळेच. फुगलेली पॉवर बँक "अजून चालते की ओ" म्हणून वापरतात.

पाच किलोचा छोटा सिलिंडर पण असतो बऱ्याच ठिकाणी. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली जमिनीलगत पसरतो. वास आला तर आधी दारं-खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा, आणि लाइटच्या बटणाला हात लावायचा नाही. ना चालू करायला, ना बंद करायला.

कपिलेश्वर_गल्ली

आमच्या मजल्यावर सूचना कन्नड आणि इंग्रजीत आहे. चंदगडकडच्या पोराला कन्नड वाचता येत नाही आणि इंग्रजी वाचायचा कंटाळा. मराठीत का नाही लावत? मुद्दामच

धागापालक

सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तिथं जागा भरपूर आहे. वरच्या प्रतिसादाचा उरलेला भाग उडवला आहे.

वायरमन_शहापूर

भाषेचं सोडा, पळणाऱ्या माणसाचं हिरवं चित्र सगळ्यांना कळतं. ते जिन्याच्या दिशेनं बाण दाखवतंय का आणि लाइट गेल्यावर दिसतंय का, तेवढं बघा. आमच्याकडं पावसात लाइट जायला काय लागतं?

घटप्रभा_काठ

बापरे, एवढं काही डोक्यातच नव्हतं. सासूबाईंना वाचून दाखवलं. गेटाचं त्यांना पटलं, दिव्याचं नाही.

रविवारी जाऊन नेमकं काय बघू, कुणी सांगाल का? फार तांत्रिक नको.

वडगावची_आज्जी

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. मी पण सत्तरी ओलांडलेली, रोज निरांजन लावते. पण माझ्या देवघराला पडदा नाही आणि खाली शहाबादी फरशी आहे. पोरींच्या खोलीत देव कुठं, तर लाकडी टेबलावर, वर दोरीला ओढण्या वाळत टाकलेल्या, कारण पावसात वाळवायला दुसरी जागा नाही. तेलाचा दिवा लावायचा आणि सातला मेसची घंटा झाली की सगळ्या खाली पळणार. कपडा पेटवून कुठला देव खूश होतो हो? हात जोडले तरी पोचतं. दिवाळीत अंगणात पणत्या लावू देतात का विचारा, तिथं लावू दे खुशाल.

मेस_नंबर_दोन

आज्जी, तुम्हाला रेक्टर करायला पाहिजे.

वॉर्डातली_ताई

मी नर्स आहे, भाजलेले पेशंट बघते. घटप्रभाताई, रविवारचं इतर मंडळी सांगतील, मी लेकीला शिकवायचं सांगते.

आगीपेक्षा धूर आधी मारतो. फोमची गादी जळते तेव्हा जो काळा धूर निघतो त्यात विषारी वायू असतात, काही श्वासांत माणूस भोवंडतो. धूर वर चढतो, म्हणून जमिनीलगत रांगत जायचं. दार उघडायच्या आधी हाताच्या मागच्या बाजूनं चाचपायचं. गरम असेल तर उघडायचंच नाही, खालच्या फटीत ओला टॉवेल कोंबायचा, खिडकीत जाऊन ओरडायचं, मोबाईलचा टॉर्च हलवायचा. बाहेर पडता आलं तर मागचं दार ओढून घ्यायचं. लिफ्ट नाही. मोबाईल-लॅपटॉप-मार्कशीट यांच्यासाठी परत फिरायचं नाही. मार्कशीट दुसरी मिळते.

कपड्यांनी पेट घेतला तर पळायचं नाही, पळलं की वारा लागून भडकतं. तोंड झाकून खाली पडायचं आणि लोळायचं.

भाजलं तर नळाचं साधं वाहतं पाणी, चांगलं वीस मिनिटं. बर्फ नको. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काही नको. आम्हाला नंतर ते खरवडून काढावं लागतं आणि पेशंट किंचाळतो. बांगड्या-अंगठ्या सूज यायच्या आधी काढायच्या. कातडीला चिकटलेला नायलॉनचा कपडा ओढायचा नाही.

आणि फोन ११२ ला, किंवा अग्निशमनचा १०१. पत्ता नीट सांगता आला पाहिजे. नवीन पोरांना हॉस्टेलचं नाव माहीत असतं, रस्ता कुठला आणि समोर काय आहे ते सांगता येत नाही. पहिल्याच दिवशी पाठ करून घ्या.

राजहंसगड

ताई, रविवारी एवढं करा. मुलीच्या खोलीच्या दारातून निघून खाली अंगणापर्यंत चालत जा, मग दुसऱ्या जिन्यानं परत वर या. दुसरा जिना कुठाय विचारलं की निम्म्या गोष्टी आपोआप कळतात. बहुतेक ठिकाणी तिथं मोडक्या कॉट नाहीतर जुन्या गाद्या रचलेल्या असतात. किल्लीचं विचारायला लाजू नका.

वायरमन_शहापूर

वाटेत आग विझवायचं लाल सिलिंडर दिसेल, त्याच्या घड्याळाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का बघा. लाल भागात असेल तर ते भिंतीची शोभा. चिठ्ठीवर शेवटची तपासणी लिहिलेली असते. कुठूनही १५ मीटरच्या आत एखादं मिळायला हवं.

लेकीला वापरायला शिकवा: पिन ओढायची, नळी ज्वाळेच्या बुडाशी धरायची, दांडा दाबायचा, डावी-उजवी फिरवायची. छोटं सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत संपतं, म्हणून पाठ कायम दाराकडं हवी. आग कचऱ्याच्या डब्याएवढी असेल तरच हात घालायचा. त्याहून मोठी असेल तर दार ओढून बाहेर. विजेच्या आगीवर पाणी अजिबात नाही, आधी मेन पाडायचा.

चोर्ला_घाट

आमच्या हॉस्टेलला सिलिंडर आहे, पण पोरं पिन ओढून पावडर उडवतात म्हणून ऑफिसात कुलपात ठेवलाय. खरंच सांगालोय.

जुना_रेक्टर

मीही एकदा तो विचार केला होता. मग अग्निशमन दलाच्या लोकांना बोलावून मैदानात ट्रेमध्ये आग पेटवली आणि पोरांनाच विझवायला लावली. त्यानंतर सिलिंडरशी खेळणं बंद झालं. बोलावलं तर ते येतात, अर्ज द्यावा लागतो. कर्नाटक अग्निशमन खात्याचं ते कामच आहे.

घटप्रभा_काठ

जाऊन आलो.

सिलिंडरचा काटा हिरव्यात होता. दुसरा जिना आहे, पण वायरमनभाऊ आणि राजहंसगड, तिथं कॉटच होत्या! तीन-चार, एकावर एक. गेट रात्री साडेनऊला लागतं. किल्ली वॉचमनकडं आणि त्याची खोली कंपाउंडच्या पलीकडच्या टोकाला. मी विचारल्यावर रेक्टरबाई आधी जरा रागावल्या. मग शेजारी उभे असलेले दोन वडील पण विचारायला लागले, त्यातले एक कन्नड बोलणारे, गोकाकचे. तिघांनी मिळून तिथंच अर्ज लिहिला. काचेच्या पेटीत दुसरी किल्ली लावतो म्हणाल्या, कॉट या आठवड्यात हलवतो म्हणाल्या. लेक फोटो पाठवेल तेव्हा खरं.

गरम पाण्याचं मात्र तसंच आहे. सोलर. बॉयलरबद्दल विचारलं तर "बघू".

सासूबाईंनी निरांजन बॅगेतून काढलं आणि बॅटरीवरचा छोटा दिवा आणला. आज्जींना नमस्कार सांगितलाय.

एक राहिलं. लेक विचारतेय, केस सरळ करायचं ते स्ट्रेटनर यादीत नाही, मग चालतं का?

वायरमन_शहापूर

वॅट कमी असतात, वायरिंगला त्रास नाही. पण पट्ट्या २०० अंशांपर्यंत तापतात आणि बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहतात. गादीवर, टॉवेलवर टाकून कॉलेजला पळाली की झालं. स्टीलच्या ताटलीत ठेवायचं, प्लग काढायचा, गार झाल्याशिवाय बॅगेत नाही. आणि रेक्टरबाईंना विचारून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षीच्या कागदात तेही चढेल.

मेस_नंबर_दोन

चढू दे की. कॉट हलल्या का ते सांगा.